खंड एक ते चार, वाचक प्रणाली पराते

हवालदारानं टेबलावर एक झेरॉक्स ठेवली, उडू नये म्हणून तिच्यावर माझाच पेपरवेट ठेवला आणि विचारलं, "भाऊ, हे प्रमाणपत्र तुमीच देल्लं का?"

आमच्याच वाचनालयाचं होतं. वर सरस्वती, खाली अध्यक्षांची लांबलचक सही, तिच्या बाजूला ग्रंथपाल म्हणून माझी आखूड. 'उत्कृष्ट वाचक पुरस्कार, कु. प्रणाली पराते.'

"हो, आमीच देल्लं."

"मंग हे बारीक अक्षरातलं वाचा."

मला ते पाठ होतं, तरी वाचलं. 'विशेष उल्लेख : आंतरराष्ट्रीय इस्लामी दहशतवादी जाळ्याचा इतिहास, खंड एक ते चार. कालावधी आठ दिवस.'

"एखादा खंड असता तं मी समजलो असतो," हवालदार म्हणाला. "पोरीनं चारही वाचले. तेबी आठ दिवसात. म्हंजे आवड दिसते."

प्रणाली आमच्या गावच्या विणकराची मुलगी. जवाहरनगरच्या फॅक्टरीत तिचं सिलेक्शन झालं होतं. दारूगोळ्याचा कारखाना असल्यामुळे तिथं रुजू होण्याआधी पोलीस व्हेरिफिकेशन होतं, म्हणजे माणूस सरळ आहे की नाही हे पोलीस गावात येऊन विचारतात. लेखी झाली, मेडिकल झालं, एवढा एक कागद राहिला होता. वयात बसणारी ही तिची शेवटची भरती. आमच्या मोहाडी तालुक्यात ज्या घरचं माणूस फॅक्टरीच्या बसमध्ये चढतं, त्या घराकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. प्रणालीचा एक पाय त्या बसच्या पायरीवर होता आणि दुसरा आमच्या प्रमाणपत्रात अडकला होता.

मी हवालदाराला समजावलं. पुस्तक दहशतवाद्यांच्या बाजूचं नाही, विरोधातलं आहे. अभ्यासकानं लिहिलेलं आहे. सरकारी अनुदानातून घेतलेलं आहे. ते वाचणं हा गुन्हा नाही.

"मले समजते जी," तो म्हणाला. "पण साहेब रिपोर्ट वाचते, पुस्तक नाई वाचत. रिपोर्टात मले काहीतरी लिवा लागते." मग म्हणाला, "आन् पोरगी पराते हाय म्हणून मी विचाराले तरी आलो. शेख असती तं आतावर रिपोर्ट गेला असता."

हे तो कुठल्याही रागाशिवाय बोलला, हवामानाचा अंदाज सांगावा तसं. मला ते झोंबलं. झोंबल्यावर मी जे करू शकत होतो ते केलं, म्हणजे त्याच्यासाठी चहा मागवला.

"सोमवारी येतो," चहा संपवून तो म्हणाला. "रजिस्टर, ते चारही पुस्तकं आन् पोरगी, तिन्ही हजर ठेवा. जबाब घेतो."

आता यातली खरी अडचण सांगतो. प्रणालीनं ते खंड वाचले नव्हते. एकही नाही. तिनं आमच्याकडून कधी कुठलंच पुस्तक नेलं नव्हतं. ती रोज यायची, अभ्यासिकेत पंख्याखालच्या खुर्चीवर बसायची, स्वतःची परीक्षेची पुस्तकं वाचायची आणि घरी जायची. ते चार खंड तिच्या नावावर मी चढवले होते.

सार्वजनिक वाचनालयाला सरकार दर्जा देतं. अ, ब, क, ड. शाळेतल्यासारखंच, फक्त इथं नापास झाल्यावर पालकांना बोलावत नाहीत, अनुदान कापतात. दर्जा टिकवायचा तर पुस्तकांची देवघेव दिसावी लागते, म्हणजे रोज किती पुस्तकं गेली, किती आली याच्या नोंदी. आमचे वाचक पेपर वाचायला येतात, पेपरात काही नसेल तर एकमेकांशी बोलायला येतात. पुस्तक घरी नेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत, त्यातही अंगठा मोकळाच राहील. मग तपासणी जवळ आली की मी रजिस्टर घेऊन बसायचो. एक पेन निळं, एक काळं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसतं. जे सभासद फिरकत नाहीत त्यांच्या कार्डांवर पुस्तकं चढवायची आणि आठवड्यानं उतरवायची. याला आम्ही 'रजिस्टर पूर्ण करणं' म्हणतो. खोट्या नोंदी हा शब्द मी त्या सोमवारपर्यंत कधी उच्चारला नव्हता.

ते चार खंड नागपूरच्या एका विक्रेत्यानं गळ्यात मारले होते. "सध्या या विषयाले लई डिमांड हाय," असं त्यानं छातीठोक सांगितलं. डिमांड नागपुरात असावी. आमच्याकडे लोक धानावरच्या तुडतुड्याचं पुस्तक मागतात, ते आम्ही अजून घेतलेलं नाही. पण सेट जाडजूड होता, पाठीवर सोनेरी अक्षरं होती. अध्यक्षांनी तो काचेच्या कपाटात दर्शनी भागात ठेवायला लावला. धूळ बसू नये म्हणून वरचं प्लास्टिकही काढू दिलं नाही. प्लास्टिकमधून मागची ओळ तेवढी वाचता यायची : पहिल्या खंडात जाळ्याचा जन्म, दुसऱ्यात छावण्या आणि पैसा, तिसऱ्यात फाटाफूट, चौथ्यात फांद्या आणि उपफांद्या.

आदल्या तपासणीच्या साहेबांनी नेमकं त्या कपाटाकडे बोट दाखवून 'महागडी पुस्तकं वाचली जात नाहीत' असा शेरा मारला. पुढच्या वेळी तो शेरा नको, म्हणून चारही खंड कुणाच्या तरी नावावर जायलाच हवे होते. एवढं जाड पुस्तक कोण नेईल असं साहेबांना पटेल? रोज येणारी, चष्मा लावणारी एकच होती. मी काळं पेन घेतलं.

इथवर सगळं नेहमीसारखंच होतं. पण त्या वर्षी अध्यक्षांना उत्कृष्ट वाचक पुरस्काराची लहर आली. आमचे अध्यक्ष नानाजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं, सगळ्यात वजनदार वाचक शोधला आणि प्रणालीचं नाव काढलं. मी काय सांगणार होतो? की नानाजी, हे रजिस्टर वाचायचं नसतं, फक्त दाखवायचं असतं?

प्रणाली म्हणाली होती, "काका, मी तं पुस्तकं नेतच नाई. मले कायले पुरस्कार?"

"अभ्यासिकेत बसतेस ना? ते वाचनच आहे," मी म्हणालो.

तिला ते पटलं. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाचं पटवून घ्यायची तिला सवय होती. बारीक अक्षरं तिनं वाचली नाहीत. तिच्या बापानं प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि भरतीच्या वेळी त्याची झेरॉक्स फाइलीत लावून दिली. फाइलीत कागद जास्त असलेले बरे, असा आपल्याकडे एक समज आहे.

हवालदार गेला तसा मी नानाजींच्या घरी गेलो. ते अंगणात मोबाईलवर भाषण ऐकत होते, स्वतःचंच. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मला दोन उपाय सुचवले.

"रजिस्टर वाळवीनं खाल्लं म्हणून सांगून दे."

"त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे, नानाजी. वाळवीनं ते नाही खाल्लं."

"मंग प्लास्टिक फाड. पानं थोडी चाळ, एखाद-दोन ठिकाणी पेन्सिलीनं रेघा मार. आन् पोरीले सांग, मी जनरल नॉलेजसाठी वाचलं म्हणाव."

"हवालदारानं विचारलं की काय वाचलं, तर?"

"तं वाचून घेईन ना ते. चार दिवस हायत. हुशार हाय पोरगी." मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पाय भाऊ. नोंदी खोट्या म्हणशीन तं दर्जा जाईन. दर्जा गेला तं अनुदान जाईन. अनुदान गेलं तं तू जाशीन. मी तुह्याच भल्याचं बोलून राहिलो."

आपलं रजिस्टर खरं ठरावं म्हणून एका मुलीनं चार दिवसांत चार खंड वाचायचे. मी इतकी वर्षं वाचनसंस्कृती वाढवण्याबद्दल भाषणं ऐकली, पण इतका व्यवहारी उपाय कुणी सुचवलेला ऐकला नव्हता. आणि खरं सांगतो, तो मला पटला होता. घरी जाताना मी मनात हिशेब करत होतो की रोज एक खंड झाला तर सोमवारपर्यंत बसतं.

दुसऱ्या दिवशी प्रणाली नेहमीच्या वेळी आली. मी तिला कपाटाजवळ नेलं आणि सगळं सांगितलं. नोंदी, तपासणी, हवालदार, नानाजींचा उपाय, सगळं. ती काचेतून पुस्तकांकडे बघत उभी राहिली.

"हे मी नेलं असं लिवून हाय?"

"हो."

"कवापासून?"

मी तारीख सांगितली. त्या तारखेला तिची आई भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती होती आणि ती सबंध आठवडा तिथं होती, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. माझ्या रजिस्टरप्रमाणे त्याच आठवड्यात ती छावण्या आणि पैसा वाचत होती.

"काका, वाचाले मले काई हरकत नाई," ती म्हणाली. "चार काय, चाळीस वाचीन. पण मी नाई वाचलं तं वाचलं म्हणून पोलिसाले काहून सांगू? फॉर्मवर मी सही केली हाय. खोटी माहिती देल्ली तं नोकरी जाते म्हणून लिवलं हाय त्याच्यात. मी तुमच्यासाठी खोटं बोलू, आन् ते निंगालं तं घरी मी बसू?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढला नव्हता. मला तिची भीती वाटली. त्याहून जास्त लाज वाटली. खुर्चीत ताठ बसून अभ्यास करणारी ही मुलगी मी इतकी वर्षं रोज पाहत होतो, आणि तिचं नाव मला रिकामी जागा भरायच्या कामाचं वाटलं होतं.

सोमवारी हवालदार अकरा वाजता आला. नानाजी अर्धा तास आधीच येऊन बसले होते, सत्काराला येतात तसे. प्रणाली दाराशी उभी होती. मी कपाट उघडलं, सेट बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. प्लास्टिक जसंच्या तसं होतं. मागचं किमतीचं स्टिकरही निघालेलं नव्हतं.

हवालदारानं सेट उलटा केला, सुलटा केला, नखानं शिवण चाचपली.

"हे तं पॅक हाय."

"हो."

"मंग पोरीनं वाचलं कसं?"

"तिनं वाचलं नाही. नोंद मी केली. खोटी आहे."

नानाजींना खोकल्याची उबळ आली. "ग्रंथपालाची तब्येत बरी नाई," ते म्हणाले. "तीन-चार दिवसांपासून तापानं फणफणून राहिला हा."

"ताप नाही," मी म्हणालो. "जबाब लिहून घ्या. रजिस्टरही घेऊन जा. काळ्या शाईतल्या सगळ्या नोंदी तपासा. निळ्यातल्याही."

हवालदारानं पेनचं टोपण काढलं. "नोकरीले वीस वरसं झाले," तो म्हणाला. "आपल्याच विरुद्धचा पुरावा फडक्यानं पुसून देणारा आजवर पायला नाई." खरोखरच मी सेटवरची धूळ पुसून ठेवली होती. सवय.

त्यानं जबाब लिहिला, त्या आठवड्यात ती आईजवळ दवाखान्यात होती हेही मी त्यात घालायला लावलं आणि सही केली. प्रणालीला त्यानं एकच प्रश्न विचारला, आईची तब्येत कशी आहे. नानाजी तिला काही शिकवायला उठले, तेव्हा त्यानं त्यांना हातानंच बसवलं.

पंधरा दिवसांत रिपोर्ट गेला. चारित्र्य चांगलं, शंका नाही. प्रणाली रुजू झाली. तिच्या बापानं आळीत पेढे वाटले. आमच्या घराच्या डावीकडे दिले, उजवीकडेही दिले.

जबाबाची प्रत कशी कुणास ठाऊक, तपासणीच्या साहेबांपर्यंत पोचली. विशेष तपासणी झाली आणि आम्ही ब मधून ड मध्ये आलो. वाचनालयाच्या समितीनं मला शाल, नारळ आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्ती दिली. नानाजींनी माझ्या प्रामाणिकपणावर पाऊण तास भाषण केलं.

चार्ज देईपर्यंत दोन महिने गेले. त्यात मी ते प्लास्टिक काढून चारही खंड वाचले. पुस्तक चांगलं आहे. ते लोक खोट्या नावांनी खऱ्या सीमा ओलांडत होते. खऱ्या नावांवर खोटं वाचन चढवायची कल्पना मात्र त्यांना सुचली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात प्रणाली आली. गळ्यात फॅक्टरीचं ओळखपत्र होतं. तिला सभासदत्व रद्द करायचं होतं. मी तिचं कार्ड काढून दिलं. ते तिनं नीट दोन्ही बाजूंनी वाचलं, बारीक अक्षरांसकट, मग फाडलं.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"किती वरसं करून राहिले तुमी हे?"

"सव्वीस."

"सव्वीस वरसांत तुमच्या सोताच्या कार्डावर किती चढवले?"

मी ग्रंथपाल होतो, पण सभासदही होतो. माझं कार्ड टेबलाच्या वरच्याच ड्रॉवरमध्ये, दोन्ही पेनांच्या शेजारी असायचं. हात लांबही करावा लागला नसता. मी ते काढून तिच्यापुढे ठेवलं. कोरं होतं.

तिनं ते पाहिलं, आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली.

आता आजूबाजूच्या गावांतले नवे ग्रंथपाल तपासणी आली की मला फोन करून युक्त्या विचारतात. मी एवढंच सांगतो, रजिस्टर पूर्ण करायचंच असेल तर आपल्या नावावर करा. सगळे 'हो सर' म्हणतात. अजून कुणी केल्याचं ऐकलं नाही.