पोलोग्राउंडच्या लॅबमधले खारे दगड

लॅबमध्ये दगड येतो, तपासून होतो, रिपोर्टसकट परत जातो. किस्से मात्र न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते आमच्याकडेच साचलेत!

इंदूरच्या पोलोग्राउंडची ही लॅब दिघे सरांची. हाताखाली मी आणि महूहून अप-डाऊन करणाऱ्या तायडे मॅडम. खारी तळी आटली की तळाशी जी खनिजं उरतात, ती ओळखून किंमत सांगण्यात सरांचा हात धरणारा कोणी नाही.

एकदा एका व्यापाऱ्याने पांढरा खडा आणला. साधं मीठ की पोटॅशचं सिल्वाइट? सरांनी सरळ जिभेला लावला. "खारट... आणि मागून कडू. सिल्वाइटच!" व्यापारी खूश. "वाह भिया! इंदौर है, यहाँ पत्थर भी चखके लेते हैं!"

माझा पहिला आठवडा. खाऱ्या नमुन्यांचा ट्रे धुळीने भरलेला. मी नळाखाली धरून छान धुतला.

"सर, ट्रे स्वच्छ केला."

सरांनी आत बघितलं. "हो, एकदमच स्वच्छ. एक पण दगड नाही राहिला!"

एका गृहस्थांना कोणीतरी चमत्कारी मणी म्हणून युलेक्साइट विकला होता. मॅडमनी तो पेपरवर ठेवला, तर खालची अक्षरं दगडाच्या वर दिसायला लागली. "आतले बारीक धागे उजेड वर आणतात. चमत्कार वगैरे काही नाही, भाऊ." गृहस्थ वाकून वाचत होते. "अरे! उद्या आमच्या कॉलनीत पाणी नाही! बघा, मणी बोलला की नाही!"

आणि त्या फडके बाई. स्नेहलतागंजला राहणाऱ्या, रिटायर्ड शिक्षिका. डबीतून बोराएवढा हिरवट खडा काढला. यजमानांनी अमेरिकेहून आणलेला. ते गेल्यावर वर्षभर देवघरात ठेवलेला.

"सर, हा बारीक होत चाललाय हो. आधी मुठीएवढा होता."

सरांनी एक कण बशीतल्या पाण्यात टाकून बघितला, खडा अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला, मग खुर्चीत मागे टेकले. "बाई, हा हँक्साइट आहे. फार क्वचित मिळतो. मुठीएवढा असता, तर संग्रह करणारे शोधत आले असते. याला पाणी लावता का?"

"दर गुरुवारी अभिषेक करते ना."

"पाण्यात विरघळतो हा. आता याला फारशी किंमत नाही येणार."

बाईंनी खडा परत डबीत ठेवला. "तरीच तीर्थ खारट लागायचं. मला वाटलं, बोअरिंगचं पाणी."

मॅडमनी टेबल आवरायला घेतलं. कण विरघळलेली बशी उचलून त्या बेसिनकडे वळल्या.

"अहो, थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी बशीत बोट बुडवलं आणि डोळ्यांना लावलं.