वाचता न येणारे अकरा बस्ते

तहसिलीच्या अभिलेख कक्षात माझी सारी नोकरी गेली. लोक त्या खोलीला अडगळ म्हणायचे आणि मला अडगळीची बाई. म्हणोत बापडे.

नोकरीच्या सुरुवातीला मला प्रशिक्षणासाठी दिल्लीला, देशाच्या अभिलेखागारात पाठवलं होतं. तिथं मी सवयीनं बोटाला थुंकी लावून पान उलटलं, तर एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्यानं माझा हातच धरला. मग त्यानं दोन पेट्या उघडून दाखवल्या. एकीत कुण्या राजाचा तह, दुसरीत कुण्या खेडुताची तक्रार. दोन्ही सारख्याच जपलेल्या. ते पाहून मला माझ्या कामाची लाज वाटेनाशी झाली.

पुढं, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना नवे साहेब आले. त्यांना संगणकांसाठी जागा हवी होती. निजामाच्या काळातली उर्दू कागदांची लाल फडक्यात बांधलेली गाठोडी, म्हणजे आमचे अकरा बस्ते, त्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. नष्ट करायच्या यादीवर ‘निरुपयोगी’ असा शेरा टाइप करून त्यांनी ती सहीसाठी माझ्यापुढं सरकवली.

“न्हाय करत सही,” मी म्हणाले.

“बाई, तुम्हाला उर्दू वाचता येतं?”

“न्हाय.”

“मग?”

“म्हणूनच. काय लिहिलंय ते ठाऊक न्हाय, अन् निरुपयोगी कशावरनं म्हणू?”

दुसऱ्या दिवशी टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. पण चीडही आली. वाचता येईना म्हणून कागद जाळायचा, हा कुठला न्याय? मी मुरुम गावच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना फोन केला. ते एसटीनं आले, भिंग काढलं आणि पहिला बस्ता सोडला. चार दिवस नुसती हरवलेली जनावरं आणि बांधांची भांडणं निघाली. साहेब दारात येऊन हसून जायचे.

पाचव्या दिवशी साहेब दारात असतानाच सर वाचता वाचता थांबले. “ताई, ऐका हे. ईट गावच्या एका बेवा, म्हंजी विधवा बाईची अर्जी हाय. दिरांनी घरातनं काढलंय. म्हणती, मी तीनदा कचेरीत आले, कुणी लिहून घेतलं न्हाय. आज लिहून घ्या, न्हाय तर उद्या म्हणाल, ही बाई आलीच नव्हती.”

साहेब म्हणाले, “अहो, ती कधीच मरून गेली असेल. आता काय उपयोग?”

“गेली असंल की,” मी म्हणाले. “पण ती आली होती.”

त्यांच्यासमोरच मी यादीवरचा शेरा खोडला. अकराही बस्त्यांपुढं ‘कायम जतन’ असं लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं, वाचता येईल अशा अक्षरात.