गायमुखच्या उतारावर आलेली हाक

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने वाचतेय. खरं सांगायचं तर हसायलाच वाचायचे... चिंचेचं झाड, पांढरी साडी, मागे वळून बघू नकोस वगैरे. भाईंदरजवळच्या मुर्ध्याला मिठागराच्या कडेला आमची चाळ. खाडीतल्या भुतांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले आणि एकीवरही कधी विश्वास बसला नाही. आजही कोणी असलं काही सुरू केलं की मी उठून आत जाते. पण माझ्या बाबतीत एक गोष्ट घडलीये, भर दुपारी, भर ट्रॅफिकमध्ये, आणि ती मी घरात कोणाला पूर्ण सांगितलेली नाही. म्हणून इथे लिहितेय. नावं बदलली आहेत. रस्ता तोच आहे.

बाबा ट्रक चालवायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, इथे क्लीनर म्हणून आले आणि पुढे स्वतःची सहा चाकी गाडी घेतली. ती गाडी म्हणजे त्यांचं सगळं. धाकटा भाऊ संतोष, त्याला सगळे संत्या म्हणायचे, शाळेला सुट्टी लागली की बाबा त्याला गाडी शिकवायला घेऊन जायचे, सुरत, नाशिक, कुठे कुठे. मी डबा न्यायचे. डबा केबिनच्या पायरीवर ठेवायचा आणि परत फिरायचं. एकदा मी आत चढले तर बाबांनी दंडाला धरून खाली उतरवलं. "बाईमाणसाने केबिनमध्ये चढायचं नाही. गाडीला बाधतं." लिंबू-मिरची बांधणारा माणूस तो. मुलगी म्हणजे त्याला अपशकुनच वाटायचा, निदान गाडीपुरता तरी.

संतोषला गाडीत काडीचा रस नव्हता. डिझेलच्या वासाने उलट्या करायचा. तो कॉम्प्युटर शिकला आणि पुण्याला नोकरीला गेला. तरी बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही गाडी संत्याची." मी समोर चहा घेऊन उभी असायचे.

मग बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात, डावा पाय हलायचा. तोंडातून फक्त "अं... अं..." गाडी चाळीमागे धूळ खात उभी. संतोष फोनवरून म्हणायचा, विकून टाका. आईने तो विषय काढला की बाबा डाव्या हाताने कॉटवर बुक्क्या मारायचे.

त्याच सुमाराला भाईंदर ईस्टला मी ज्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होते तो बंद पडला. लाइट लायसन्स माझ्याकडे होतं. कारखान्याचा छोटा टेम्पो मी कधीमधी चालवायचे. एक दिवस कपडे वाळत घालताना समोर ती गाडी दिसली आणि डोक्यात आलं, आपण का नाही?

हेवी गाडीचं लर्निंग लायसन्स काढलं. तो कागद बाबांना दाखवायला गेले. का गेले, देव जाणे. त्यांनी वाचला... वाचता येत होतं त्यांना... आणि डाव्या हाताने असा उडवला की तो कॉटखाली गेला. मग तोंड भिंतीकडे. त्या दिवशी माझ्या हातची पेजसुद्धा घेतली नाही. आईला भरवावी लागली.

शेजारची भाभी दारात उभी राहून म्हणाली, "अरे वैशाली, ट्रक चलाएगी तो शादी कौन करेगा?"

म्हटलं, "नहीं चला रही थी तब कौन कर रहा था, भाभी?"

शिकवायला पास्कू अंकल तयार झाले. उत्तनचे. आयुष्यभर मासळीच्या गाड्या चालवल्या, बाबांचे जुने दोस्त. बडबड अखंड. त्यांनी गाडी दुरुस्त करून घेतली, पुढेमागे लाल 'एल' लावला आणि मिठागराच्या रस्त्यावर माझी प्रॅक्टिस सुरू झाली. रिव्हर्समध्ये 'एस' काढायचा, तो काही केल्या जमेना. मागचं चाक दर वेळी चिखलात. अंकल ओरडायचे, "आगो, आरशात बघ! मान मोडून बघते कशाला? गाडी काय तुझी वाट बघत ऱ्हाणार हाय?" मग स्वतःच हसायचे. रोज घरी जाताना मी बाबांच्या खिडकीखालून मुद्दाम गाडी न्यायचे. आई म्हणायची, आवाज आला की ते डोळे मिटून घेतात.

तर तो दिवस.

ठाण्याहून एका साइटसाठी सिमेंटच्या गोण्या आणायच्या होत्या. अंकल म्हणाले, "रिकामी गाडी कोण पण चालवेल. भरलेल्या गाडीचा हात बसू दे." येताना घोडबंदर रोडला गायमुखपर्यंत ते स्वतः चालवत आले, मग घाटाच्या आधी उतरले आणि स्टिअरिंग मला दिलं. चढ मी व्यवस्थित काढला. जेवणाची वेळ, ऊन मी म्हणत होतं, अंकल डाव्या सीटवर बसून उत्तनच्या कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत होते.

उतार लागला तेव्हा गाडी चौथ्या गिअरमध्ये होती. ब्रेकवर पाय ठेवला आणि तो मऊ लागला. परत दाबला तर थेट खाली गेला. खालून फुस्स असा हवेचा आवाज आणि प्रेशरचा काटा डोळ्यांदेखत पडत होता. पुढे वळणाखाली गाड्यांची रांग तुंबलेली दिसत होती. बाइकवाले, एक रिक्षा, रिक्षातून बाहेर आलेला कोणाचातरी पाय.

"अंकल, ब्रेक नाही!"

ते काट्याकडे बघत राहिले. मग "जेजूऽ, जेजूऽ" असा येशूचा धावा करत त्यांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. एक पाय बाहेर काढला. मी त्यांना दोष देत नाही... नाही, देते. मला एकटीला सोडून उडी मारणार होते ते.

मी ब्रेक पंप करत होते, वेड्यासारखी. आणि तेव्हा माझ्या मागून, ड्रायव्हर सीटच्या मागे झोपायचा बाक असतो तिथून, आवाज आला.

"संत्या, ब्रेक सोड."

बाबांचा आवाज. आजारी पडायच्या आधीचा, तंबाखूने घोगरा झालेला.

"ब्रेक मेलाय, सोड म्हणतो ना! क्लच दाब. न्यूट्रल. आता रेस दे... अजून दे... परत क्लच. टाक तिसरा."

मी टाकला. गिअर करकरला, मग बसला. इंजिन असं किंचाळलं की मला वाटलं फुटतंय. पण गाडी ओढली गेली मागे, कोणी दोर बांधून खेचावी तशी.

"परत तसंच. घाई नको. रेस... हां... दुसरा."

दुसरा पडला. रांग अगदी जवळ आली होती.

"आता डोंगराला घास. डावीकडे घे. घास, संत्या, घाबरू नको, पत्रा गेला तर जाऊ दे!"

मी स्टिअरिंग डावीकडे कापलं. अंकलनी पाय आत घेऊन दार ओढलं आणि लगेच त्या बाजूला माती, दगड, आरसा फुटल्याचा आवाज. चाक गटारात उतरलं, गाडी घासत घासत गेली, थरथरली आणि थांबली. रिक्षातला माणूस मागे वळून बघत होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण त्याला काहीच कळलं नव्हतं.

मग अगदी शांतपणे मागून आवाज आला, "शाब्बास रे माझ्या पठ्ठ्या."

बस्स. मी मागे वळून पाहिलं. बाकावर जॅकची मूठ आणि ताडपत्री.

अंकल घामाने भिजले होते. ओठ पांढरे. म्हणाले, "तुझा बाप... तुझा बाप बोलला ना?" मी चावी काढून घेतली. "संत्याला का बोलवत व्हता तो?" एवढं बोलून ते खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओकले.

मी गटाराच्या कठड्यावर बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. आई. मला वाटलं, बाबा गेले.

"वैशू, अगो बाबा बोलले गो! चांगले खणखणीत बोलले!" आई रडत होती, हसत होती.

मी माझं काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, "काय बोलले?"

"पेज भरवत होते, तर चमचा असा ढकलला. आणि संत्याला हाका मारायला लागले. संत्या, ब्रेक सोड, असा काय काय. डावा पाय कॉटच्या पायथ्याच्या दांड्यावर दाबत होते, सोडत होते. हात असा मागे-पुढे. मला वाटला परत झटका आला. मग म्हणाले शाब्बास रे माझ्या पठ्ठ्या, आणि पडून राहिले. झोपलेत आता."

"कधी?"

"आत्ताच गो. संतोषला फोन लावला आधी, मग तुला. तो कसा रडला म्हणून सांगू..."

आधी संतोषला.

संध्याकाळी घरी पोचले. गाडी क्रेनने आणावी लागली. आईला मी एवढंच सांगितलं की गाडी गटारात गेली. बाबांच्या डाव्या पायाचा तळवा लाल झाला होता, मध्यावर दांड्याचा आडवा वळ. क्लचचा पाय डावा असतो. गिअरचा हातही डावा. ब्रेकचा उजवा पाय त्यांचा कधीच गेला होता. मी कॉटजवळ बसले आणि विचारलं, "बाबा, तुम्ही होतात ना? ती मी होते, बाबा. वैशाली होते गाडीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मी वाट बघत होते, "अं" तरी म्हणतील. मग त्यांची नजर माझ्यावरून दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत.

पास्कू अंकलनी शिकवणं सोडलं. मी उत्तनला त्यांच्या घरी गेले, अंगणात बोंबील वाळत होते, अंकल त्यातच लक्ष घालून बसले. म्हटलं, अंकल, तुम्ही ऐकलंत ना? म्हणाले, "मी काय ऐकला न्हाय. तू भ्यायली व्हतीस." मी म्हटलं, तुम्हीच तर विचारलंत, संत्याला का बोलवतोय म्हणून. त्यांनी बोंबील उलटे करायला सुरुवात केली. त्यांना आवाजाची भीती वाटत होती की उघडलेल्या दाराची आठवण नको होती, मला माहीत नाही. मी परत गेले नाही.

बाकीचं एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकले. टेस्टला मी एकटी बाई. रांगेतले दोन-तीन जण मोबाइल काढून तयार, मजा बघायला. रिव्हर्सचा 'एस' एका दमात काढला. मोबाइल खाली गेले. पण उतरताना माझी मान आपोआप मागे वळली... शाब्बास म्हणायला कोणी आहे का बघायला. कोणी नव्हतं.

लायसन्सचं कार्ड पोस्टाने यायच्या आत बाबा गेले. झोपेतच गेले, सकाळी आईला कळलं.

तेराव्याला संतोष सगळ्यांना सांगत होता, "बाबांना वाचा फुटली ती फक्त एकदाच. आणि तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मला गाडी शिकवत होते बिचारे..." नातेवाईक डोळे पुसत होते. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. पास्कू अंकल कोपऱ्यात चहाचा कप धरून खाली बघत बसले होते. मी पुऱ्या तळत होते.

आता मी ती गाडी चालवते. डावा दरवाजा बदलला, आरसा नवा टाकला. घोडबंदर आठवड्यातून कितीतरी वेळा करते. गायमुखच्या उतारावर गाणी बंद ठेवते. आजवर काही ऐकू आलेलं नाही.

तुम्ही कमेंटमध्ये काय लिहाल ते मला माहीत आहे, कारण मीही तेच लिहिलं असतं. भीतीत मेंदू जुन्या आठवणी बाहेर काढतो. मान्य. पण बाबा संत्याला शिकवत असताना मी त्या केबिनमध्ये कधी नव्हतेच. मला चढूच दिलं नव्हतं. ते शब्द माझ्या डोक्यात कुठून यायचे? आणि समजा माझ्या डोक्यातून आले, तर त्याच वेळी मुर्ध्याच्या खोलीत आईने ते कसे ऐकले? एका डॉक्टरांना फक्त बाबांच्या बोलण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, असं क्वचित होतं, कारण सांगता येत नाही. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही.

आवाज कसा आला याचं उत्तर मला आता नकोही आहे. मला दुसरंच टोचतं. स्टिअरिंगवर कोण बसलंय हे त्यांना माहीत होतं का? माहीत असून ते 'संत्या' म्हणाले का? की ज्याला माझं शिकणं ऐकवत नव्हतं, त्याला माझं नाव त्या क्षणीही घेववलं नाही? संतोष त्या दुपारी पुण्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत होता. त्याला वाचवायला बाबा घाटात आले. वाचले मी.