छप्पर नसलेलं स्थळ

सांगायला लाज वाटते, पण चहाला उकळी येईपर्यंत सांगून टाकते. शेजारच्या मालतीवहिनींच्या शांताचं ठरत आलेलं लग्न मी मोडलं होतं. तेही भलं करायला जाऊन.

मुलगा गिरगावचा, तसबिरींना फ्रेम लावायच्या दुकानात कामाला. मालवणाकडे मोठं घर आहे म्हणे. आता चौकशी कोण करणार? आमच्या लालबागच्या चाळीत माझ्याइतकी कळकळ दुसऱ्या कुणाला आहे?

तेव्हा चळवळीचे, मोर्च्यांचे दिवस होते; आम्ही बायका सत्याग्रहींसाठी घरोघर भाकऱ्या गोळा करायचो. तेच निमित्त करून मी थेट मुलाच्या घरी धडकले. त्याची आई भाकऱ्या बांधायला आत गेली आणि मी इकडेतिकडे पाहिलं.

भिंतीला टेकवलेलं भलंमोठं तैलचित्र. त्यात घर. खांब अर्धे मोडलेले, छप्पर नाही, कमानीतून झाड उगवलेलं, ओसरीवर शेळ्या. लोक आजोबांचा फोटो लावतात, यांनी गावचं घर रंगवून घेतलेलं.

मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या पडझडीबद्दल तोंडावर विचारू नये, एवढी रीत मला कळते.

घरी येऊन म्हटलं, "वहिनी, घर मोठं आहे. पण वर काही नाही."

"म्हणजे माडी नाही?"

"छप्पर नाही."

संध्याकाळी नकार गेला. शांताला मुलगा आवडला होता. ती दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाची आई आमच्या दारात. "आमच्या घराक छप्पर नाय, असा कोण म्हणाला?"

सगळी चाळ माझ्याकडे बघायला लागली. मी चित्राचं सांगितलं.

बाई उंबऱ्यावरच बसल्या. "अगो बाय, तां गिऱ्हाइकाचां चित्र! मोर्चात दुकानाची काच फुटात म्हणान माझ्या झिलान घराक आणल्यान. शंभर वर्सांपूर्वी कोणी गोऱ्यान काढलेलां. रोमाचां देऊळ तां. दोन हजार वर्सांचां जुनां, केव्हाच पडलेलां."

"दोन हजार?" मी म्हटलं. "आणि कुणी कौलं घातली नाहीत?"



मग चूक निस्तरायला मी बोटीनं, उलट्या करत, मालवण गाठलं. घर स्वतः पाहिलं. माडी, पडवी, न्हाणी, सगळं जागच्या जागी. परत येऊन देवावर हात ठेवून सांगितलं, "वहिनी, छप्पर आहे. खाली उभी राहून वर बघितलंय."

वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला. मग पुढच्या बोटीनं आपल्या भावाला पाठवलं, आणि तो बघून आल्यावर साखरपुडा ठरवला.