ढेमसं लावली त्या वर्षी

सासूबाई गेल्या त्या हिवाळ्यात आम्ही सासऱ्यांना नागपूरहून बंगळुरूत, के. आर. पुरमला घेऊन आलो. आमचं घर भाड्याचं, तळमजल्यावरचं. मागे भिंतीलगत मातीचा एक पट्टा होता, त्यावर मी आजवर फक्त कपडे वाळत घातले होते. बाबांनी बूट काढायच्या आधी तो पट्टा पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीतून बियांच्या पुड्या निघाल्या. वांगी, चवळी, ढेमसं. सांबारही होता. सांबार म्हणजे नागपुरात कोथिंबीर. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे त्यांनी तो मागितला तेव्हा त्यानं हॉटेलकडे बोट दाखवलं. घरी येऊन बाबांनी ते हसत सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस ते हसले नाहीत.

उन्हाळ्याची म्हणून त्यांनी ढेमसं लावली. नागपूरचं ऊन त्यांच्या हिशेबात होतं. इथे एप्रिल संपायच्या आत रोज संध्याकाळी वळवाचा पाऊस यायला लागला. पानांवर पांढरी बुरशी चढली, फुलं गळाली, हाती आली ती लिंबाएवढी चार-दोन ढेमसं. मी त्यांची भाजी केली. बाबा जेवले, पण ताटावरून उठताना म्हणाले, "इथं काय कशाचा भरवसा नाही बाप्पा."

तेव्हापासून त्यांचा हात थांबेना. आज लावलेली वांग्याची रोपं परवा उपटून दुसऱ्या कोपऱ्यात. मग ऊन कमी पडतं म्हणून पुन्हा पहिल्या जागी. रोपं तरी किती सोसतील? मी घरून काम करायची. मीटिंग चालू असताना खिडकीबाहेरून खुरप्याचा आवाज यायचा, आणि पुढचा माणूस काय बोलला ते माझ्या डोक्यातून निसटायचं. मी माइक बंद करून खिडकीशी जायची. आज काय उपटलं, ते बघायला.

शेजारच्या घरात एक अक्का राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं. श्रावण लागला तेव्हा त्या भिंतीवरून बाबांना म्हणाल्या की अण्णा, आता अवरे टाका, तुमच्या पावट्यासारखीच शेंग, थंडी पडली की बघा कशी लागते ती. बाबांनी बी घेतलं, हातात खेळवलं आणि परत दिलं.

"थंडीपर्यंत मी इथं असेन, हे कोणी सांगितलं?"

अक्का म्हणाल्या, "सरी, बरं, तुमची मर्जी," आणि आत गेल्या. मी मात्र दोरीखाली ओला टॉवेल घेऊन तशीच उभी राहिले. एवढ्या दिवसांत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबा आता फक्त मेथी आणि पालक लावत होते. महिन्याच्या आत हाती येणारं, तेवढंच.

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो महादेवपुऱ्याच्या ऑफिसहून ट्रॅफिकमधून नुकताच आला होता. म्हणाला, "रुळतील गं. तिकडे एकटे काय करतील?" विषय तिथेच संपला.

भाद्रपदातल्या एका सकाळी मी चहा घेऊन मागे गेले तर बाबा नव्हते. फाटक उघडं, फोन खाटेवर. अक्कांनी त्यांना 'स्टेशन' म्हणत रिक्षात बसताना पाहिलं होतं. मी तशीच घरातल्या कपड्यांत स्टेशनवर गेले. ते चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसले होते, मांडीवर रिकामी पिशवी. मला पाहून दचकले नाहीत.

"नागपूरची गाडी कोणकोणत्या वारी असते, ते विचारलं," ते म्हणाले. "पळून नव्हतो जात, बेटा."

मी शेजारी बसले. इथे काही कमी पडतंय का, असं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग सांगितलं की नागपूरच्या घरामागची माती आता पाणी निथळून वाफशावर, पेरण्याजोगी आली असेल, आणि तिथे कुलूप आहे. आता वाफे केले नाहीत तर हिवाळ्याची भाजी होणार नाही.

"मला जाऊ दे."

"आजारी पडलात तर?"

"तर फोन करीन. तुम्ही या."

घरी यावरून मोठा वाद झाला. लोक काय म्हणतील, हे नवऱ्याने दोनदा म्हटलं. वडिलांची काळजी वाटते, हे एकदाही नाही. मी बाबांची बाजू घेतली. ती त्यांच्यासाठी घेतली की खिडकीबाहेरचा तो आवाज थांबावा म्हणून, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दसऱ्याच्या आधी नवरा स्वतः त्यांना सोडून आला.

बाबा तिकडे राहतात. मध्ये एकदा तापाने पडले, आम्ही गेलो, बरे झाले. वर्षाकाठी इकडे येतात आणि चार दिवसांत परतीच्या तिकिटाचं विचारतात. नवरा आता वाद घालत नाही, तिकीट काढून देतो.

मी अजून घरूनच काम करते. मागे आता कोणी खणत नाही, तरी मीटिंगमध्ये माझं चित्त लागत नाही. मधूनच उठून पट्ट्यावर जाते. परवा तिथे मुळा पेरला. महिना बरोबर होता की चूक, कोणाला विचारलंही नाही.