जमनाबाईची तीन घोड्यांची मोटर

जमनाबाईच्या रागाला अख्खा तांडा टरकून असतो. पुसदजवळच्या या तांड्यात तिची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर त्याच गिरणीवर तिनं घर ओढलं, मुलगी उज्ज्वला हिला नर्सिंगला घातलं.

यंदा उन्हाळ्यात जुनी मोटर जळाली. पुसदच्या एका दुकानदारानं नवी दिली, पाटीवर ठळक 'तीन एचपी'. दुकानात चालू करून दाखवली तेव्हा छान गुणगुणली. तांड्यात मात्र ज्वारी पडताच घुर्र करून बसली. दुकानदार फोनवर म्हणतो, "मावशी, तुमची ज्वारी ओली असंल."

ओली! भर वैशाखात! इकडे बाया दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जायला लागल्या. एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, ही धास्ती तिला.

माझं डोकं फिरतं ते त्या पाटीपायी. एचपी म्हणजे घोड्याची ताकद. जेम्स वॅटला वाफेची यंत्रं विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचं, किती घोड्यांचं काम करील? म्हणून त्यानं गिरणी फिरवणाऱ्या घोड्यांचं काम मोजून हे माप ठरवलं. पुढं विजेच्या मापाला त्याचंच नाव मिळालं. एक एचपी म्हणजे साधारण साडेसातशे वॅट. घेणाऱ्याला कळावं म्हणून जन्मलेलं माप, आणि हे लुच्चे त्याचीच पाटी चिकटवून फसवतात!

सासरे खेमसिंग तिच्यावरच भडकले. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर माल वाहून नेणारे. "बैल घेताना गोनी लादून चालवत होतो आपन. रिकामा त मरतुकडाबी चालते. तू काहून रिकामी मोटर पाहून आली?"

ते तिला फार झोंबलं. सकाळी तिनं अख्खी गिरणी टेम्पोत घातली आणि त्या दुकानासमोर उतरवली, सोबत ज्वारीचं पोतं.

"मावशी, आत या, चहा घ्या."

"चाय नोको. दळून दाखव."

गर्दी जमली. मोटर पुन्हा बसली. दुकानदारानं घाम पुसत आतून दुसरी आणली. "हे पक्की तीनची हाय, पाटी पाहा."

"पाटी नोको दाखवू मले. दळ!"

ही चालली. तरी पोतं संपेपर्यंत तिनं त्याला हलू दिलं नाही. त्याचा इस्त्रीचा शर्ट पिठानं भरला.

पीठ बांधून, या मोटरीसकट गिरणी लादून ती टेम्पोत चढली, तेव्हा पंप घ्यायला आलेला एक माणूस दुकानदाराला म्हणाला, "शेठ, आता मह्या विहिरीवर चाल. पानी काढून दाखव."