मेहकरकडून पाऊस येऊन राह्यला

शाळेची आठवण म्हणल्यावर तुम्हाले वाटलं असंन, आता मास्तरची छडी येईन, नाईतर मागच्या बाकावरची पोरगी. नाई. सोयाबीन येणार हाये.

दिवाळीच्या आधी आमच्या गावात शाळेपुढचा रोड अर्धा पिवळा होते. सारे जण डांबरावर सोयाबीन वाळू घालतात, गाड्या जाऊ नाई म्हणून कडेनं दगडं ठेवतात. मंग पोट्ट्यायनं चालावं कुठून? उरलेल्या अर्ध्यातून, बुलढाण्याच्या एसटीसंगं.

एक दिवस मोटरसायकलचा आरसा माह्या दुसरीतल्या बहिणीच्या दप्तराले घासून गेला. लागलं नाई, पण सकाळी ती दारातच बसली. "मी नाई जात शाळेत."

म्हणलं, "आज संग चाल. सुटायच्या वक्ताले रोड मोकळा करून देतो."

"तू कसा करशीन बे?"

दुसरीतली पोरगी, अन् मले बे! मी नववीत होतो, अन् सरपंचाचा आवाज हुबेहूब काढायचो. शेवटच्या तासाले सटकलो. गावातल्या सूचना मारोतीच्या देवळातल्या भोंग्यावरून देतात. तिथं कोणी नव्हतं. माइक लावला, सरपंचासारखं दोनदा खाकरलो.

"हॅलो... समस्त गावकऱ्यांनो... मेहकरकडून पाऊस येऊन राह्यला. आपापलं सोयाबीन उचला!"

वर आभाळ निळंशार. पण सोयाबीन पसरलेलं असल्यावर वर पाह्यते कोण? फावडे, पोते, ताडपत्र्या, नुसती पळापळ. खुद्द सरपंच पोतं भरता भरता म्हणे, "मी बोललो कवा?" पण हात काही थांबला नाई.

शाळा सुटली तवा रोडची कड साफ होती. माही बहीण मैत्रिणीसंगं दप्तर झुलवत कडेकडेनं घरी आली. मी मागून, राजासारखा.

घरी आई भरलेल्या पोत्यावर बसून होती. आमचंबी सोयाबीन तिथंच होतं, हे मी इसरलोच होतो.

"पाऊस कुठी हाये? माह्या पोटचा तू, तुहा घसा मी वळखत नाई?"

बहीण मधात बोलली, "आई, आज मले कडेनं चालता आलं. मी उद्याबी जाईन."

आईनं तिचं दप्तर उतरवून घेतलं. मले वाटलं, सुटलो.

"मंग हे घरात तोंडानं सांगता येत नव्हतं? भोंगा पाह्यजे याले! उद्यापासून आपलं सोयाबीन छतावर वाळन. अन् पोते वर कोण नेईन? तुहा सरपंच?"